स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास? आधी ती कंसातली गोळी बघू

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात परत मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल. वय ४१, उंची १५७ सेंटीमीटर, वजन १०४ किलो. मधुमेह सहा वर्षांपासून, तीन प्रकारच्या गोळ्या चालू, त्यात मेटफॉर्मिन आहेच. इन्सुलिन नाही. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी तपासणी, ८.४. घरात पूर्ण शाकाहार, अंडंसुद्धा नाही. बँकेत बसून काम, गुडघे दुखतात म्हणून आठवड्यातून दोनेक वेळा पेनकिलर. वजन उतरवण्याच्या ऑपरेशनसाठी सांगलीतल्या सर्जननी स्लीव्ह सांगितली, म्हणजे जठर कापून लहान करणं, आणि पुण्यातल्या सर्जननी मिनी बायपास, म्हणजे जठर लहान करून आतड्याला खाली जोडणं (ही हृदयाची बायपास नव्हे). शेजारच्या वहिनींची स्लीव्ह होऊन ३५ किलो उतरले, आणि आतेभाऊ म्हणतो की बायपास म्हणजे जन्माचं दुखणं. यातलं सगळ्यात चांगलं ऑपरेशन कोणतं, असं तुम्ही विचारताय.

या सगळ्यात एक वाक्य तुम्ही कंसात टाकलंय: "सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेते, पण ती काय सगळेच घेतात." मला विचाराल तर निम्मा निर्णय त्या कंसात अडकलाय. दोघा सर्जननी तुम्हाला त्या गोळीबद्दल विचारलं का? तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून विचारते.

मी ही ऑपरेशनं गेली १७ वर्षं करते. तिन्ही प्रकार करते, त्यामुळे एकाच गोष्टीची भलामण करायचं मला कारण नाही. पण माझा कल मात्र आहे, तो पुढे दिसेलच. तुम्हाला तपासल्याशिवाय 'हेच करा' असं मी सांगणार नाही. विचार कसा करायचा तेवढं सांगते.

सुरुवात किलोंपासून करते, कारण प्रत्येक जण तिथूनच करतो. फिनलंडमध्ये २४० लोकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांची स्लीव्ह आणि निम्म्यांची बायपास केली होती. त्यांचे दहा वर्षांनंतरचे आकडे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्लीव्हवाल्यांचं जादा वजनापैकी ४३.५ टक्के उतरलेलं टिकलं होतं, बायपासवाल्यांचं ५०.७ टक्के. ऐकताना सात टक्के बरेच वाटतात. तुमच्यावर लावून बघू. तुमच्या उंचीला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ धरला तर वजन साधारण ६२ किलो असायला हवं, म्हणजे जादा वजन ४२ किलो. त्याचे ४३.५ टक्के म्हणजे १८ किलो आणि ५०.७ टक्के म्हणजे २१ किलो. दहा वर्षांनी फरक उरतो तीन किलोंचा! ही सरासरी आहे, तीही फिनिश लोकांची. तुमचं पुढेमागे होईल. पहिल्या वर्ष-दीड वर्षात दोन्हींत २५ ते ३० किलो उतरताना दिसतील आणि मग थोडे परत चढतील, हेही धरून चाला. वहिनींचे ३५ किलो ऑपरेशनला किती दिवस झाल्यावरचे आहेत ते एकदा विचारा. पण एवढ्या तीन किलोंसाठी मी कुणाचंही ऑपरेशन बदलणार नाही. निवड करायची ती दुसऱ्या गोष्टींवरून.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. दहा वर्षांनी तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून (एंडोस्कोपी) बघितलं तेव्हा अन्ननलिकेला आम्लाने झालेली इजा स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांना होती आणि बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांना.

असं का होतं ते समजायला पोटात नेमकं काय करतात ते बघावं लागेल. स्लीव्हमध्ये जठराचा बाहेरच्या बाजूचा फुगीर भाग, म्हणजे तीन-चतुर्थांशाहून जास्त जठर, कापून काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. आतड्याला हात लावत नाहीत, जोडणी नाही, वेळही कमी लागतो. काढलेल्या भागातच भुकेचं एक हार्मोन मोठ्या प्रमाणात तयार होतं, त्यामुळे पहिले काही महिने भूकच लागत नाही. पेशंट म्हणतात, "डॉक्टर, जेवायची आठवणच होत नाही." पण ही नळी अरुंद आहे, खालचं दार शाबूत आहे, आम्ल बनणं पूर्ण थांबलेलं नाही. आत दाब वाढला की आम्लाला वर अन्ननलिकेकडेच वाट मिळते. आधीच अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला वरचा दरवाजा सैल असला, किंवा जठर छातीच्या पडद्यातून थोडं वर सरकलेलं असलं, ज्याला आम्ही हायाटस हर्निया म्हणतो, तर हा त्रास वाढायची शक्यता बरीच.

गंमत अशी की स्लीव्ह हे सुरुवातीला स्वतंत्र ऑपरेशन नव्हतंच. फार वजनाच्या पेशंटना मोठं ऑपरेशन एका दमात झेपत नसे, म्हणून आधी जठर कापायचं, वजन थोडं उतरलं की आतड्याचं काम करायचं, असा दोन हप्त्यांचा बेत होता. पहिल्या हप्त्यातच काहींचं इतकं वजन उतरलं की दुसऱ्याची गरज पडली नाही. आज भारतात आणि जगातही हेच ऑपरेशन सगळ्यात जास्त होतं.

बायपासमध्ये जठराच्या अगदी वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलीटरची पिशवी वेगळी करतात. पोह्यांचे दोन चमचे मावतील एवढीच. ती लहान आतड्याच्या खालच्या भागाला थेट जोडतात. उरलेलं जठर आत तसंच राहतं, फक्त अन्न तिकडून जात नाही. त्याचे रस आणि पित्त वेगळ्या वाटेने येऊन साधारण मीटरभर खाली अन्नाला भेटतात. इंग्रजी वाय अक्षरासारखी रचना होते, दोन जोडण्या असतात. पिशवीत आम्ल अगदी थोडं आणि पित्त मीटरभर लांब, म्हणून जळजळीवर याच्याइतकं खात्रीचं ऑपरेशन यात दुसरं नाही.

आता मिनी बायपास. या नावाने खूप घोटाळा केलाय. पेशंटला वाटतं, मोठं ऑपरेशन नको असेल तर लहान करून घ्यावं. यात 'मिनी' आहे ते सर्जनचं काम: दोनऐवजी एकच जोडणी. जठराची लांब नळी करून ती आतड्याच्या सुरुवातीपासून १५० ते २०० सेंटीमीटर खाली जोडतात. पित्त वाहून आणणारा हा तुकडा नेहमीच्या बायपासमध्ये बहुधा ५० ते १०० सेंटीमीटरचा असतो. म्हणजे सर्जनला सोपं असलं तरी शरीराला मिनी नाही. वजन उत्तम उतरतं, शुगरवर परिणाम जोरदार. पण पित्त त्याच जोडणीवरून जातं, ते वर चढू शकतं, आणि पोषण शोषलं जाण्याची बाजू लंगडी पडते. फ्रान्समधला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात २०० सेंटीमीटरवर केलेल्या मिनी बायपासच्या गटात पोषणाशी संबंधित नऊ गंभीर प्रसंग घडले, नेहमीच्या बायपासच्या गटात एकही नाही. वजन मात्र दोन्हींत सारखंच उतरलं होतं. आपल्याकडे आता बरेच सर्जन लांबी १५० च्या आसपास ठेवतात, आणि त्यांचे निकाल चांगले आहेत हे मी जवळून बघितलंय. तरी अंडंही न खाणाऱ्या आणि ॲसिडिटीची गोळी चालू असलेल्या बाईला मी हा पर्याय सगळ्यात शेवटी ठेवीन. पुण्यातल्या सर्जनना तुमचा आहार आणि ती गोळी दोन्ही माहीत असूनही त्यांनी हेच सुचवलं असेल, तर त्यांचं कारण ऐकून घ्या. चांगलं कारण असूही शकतं.

आता माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मीही सरसकट स्लीव्ह करत असे. सोपी, जलद, पेशंट तिसऱ्या दिवशी घरी. एक शिक्षिका होत्या, वजन उत्तम उतरलं, शाळेतल्या चार जणींना त्यांनी माझ्याकडे पाठवलं. दोन वर्षांनी आल्या तेव्हा म्हणाल्या, रात्री आडवं होता येत नाही, घशाशी येतं, तीन उशा लावून भिंतीला टेकून झोपते. जुनी फाइल काढली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'कधीतरी ॲसिडिटी'. दुर्बीण केलेली नव्हती. शेवटी त्यांच्या स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर करावं लागलं. त्रास गेला, पण दुसऱ्यांदाचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. आत सगळं चिकटलेलं असतं, जोखीम वाढते. तेव्हापासून दुर्बिणीशिवाय मी कुणालाही टेबलावर घेत नाही. म्हणूनच तुमची ती कंसातली गोळी मला टोचली.

'आधी स्लीव्ह करू, त्रास झालाच तर बायपास आहेच' हा युक्तिवाद तुम्ही ऐकाल. त्यात तथ्य आहे. तिशीच्या आतल्या, शुगर नसलेल्या, छातीत कधीच न जळणाऱ्या पेशंटला मी स्वतः तसं सांगते. पण ज्याला त्रास होणार हे आधीच दिसतंय त्याला दोन ऑपरेशनांच्या वाटेवर कशाला पाठवायचं?

शुगरचं थोडं वेगळं गणित आहे. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मधुमेहाचे १५० पेशंट घेऊन नुसती औषधं, औषधं आणि स्लीव्ह, औषधं आणि बायपास अशी तुलना केली गेली. पाच वर्षांनी, म्हणजे २०१७ मध्ये छापलेल्या आकड्यांत, एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली आणण्यात यश आलं ते नुसत्या औषधांच्या गटात ५ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि बायपासमध्ये २९ टक्के लोकांना. ऑपरेशन केलेले आणि न केलेले यांच्यात मोठी दरी आहे. दोन ऑपरेशनांत त्या मानाने थोडीच. आणि उलट बाजूनेही वाचा: ऑपरेशन करूनही दहापैकी सात जणांना ते कडक लक्ष्य गाठता आलं नाही. गोळ्या कमी झाल्या, शुगर सुधारली, पण 'मधुमेह कायमचा जाईल' असं फलकावर लिहिणाऱ्यांपासून जरा लांब राहा.

मधुमेह जितका नवा, गोळ्या जितक्या कमी, तितका फायदा जास्त. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवायची ताकद उरलेली असावी लागते. क्लीव्हलँडच्याच गटाने २०१७ मध्ये एक गुणांकन मांडलं, त्यात चार गोष्टी मोजतात: मधुमेह किती वर्षं, औषधं किती, इन्सुलिन आहे का, शुगर आटोक्यात आहे का. या गुणांनुसार मधल्या गटात पडणाऱ्यांना बायपासचा फायदा स्लीव्हपेक्षा ठळक दिसतो. अगदी जुना, बिकट मधुमेह असेल तर दोन्हींचा परिणाम बेताचाच, मग कमी जोखमीची स्लीव्ह बरी. तुम्ही मधल्या गटात पडाल असा माझा अंदाज आहे. म्हणजे छातीतली जळजळ आणि शुगर दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

पण थांबा, बायपासच्या विरुद्ध बोलणाऱ्या गोष्टीही तुमच्याच प्रश्नात आहेत.

पहिली पेनकिलर. बायपासच्या जोडणीवर अल्सर होऊ शकतो, आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या नेहमीच्या सुजेच्या गोळ्या हे त्याचं मोठं कारण. बायपास झाल्यावर त्या जन्मभर बंद. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं. वजन उतरलं की गुडघे बरेच शांत होतात, पण अस्थितज्ज्ञाने तुम्हाला 'या गोळ्या घ्याव्याच लागतील' असं सांगितलं असेल तर पारडं स्लीव्हकडे झुकतं. अल्सरचं दुसरं कारण तंबाखू. बायकांना मी हा प्रश्न मुद्दाम वेगळा विचारते, कारण "तंबाखू खाता का" म्हटलं की "छे" येतं आणि "मिश्री लावता का" म्हटलं की मान खाली जाते. सिगारेटचा धोका सिद्ध आहे, मिश्रीला मी तोच नियम लावते: दीड महिना आधी बंद, आणि नंतरही बंदच.

दुसरी गोष्ट शाकाहार आणि बी-१२. इथे जरा थांबते, कारण सांगलीच्या डॉक्टरांनी 'स्लीव्हनंतर गोळ्या लागत नाहीत' असं म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. ते तसं म्हणाले असतील तर मला पटत नाही. कदाचित 'कमी लागतात' असं म्हणाले असतील. बी-१२ शोषायला जठरातलं आम्ल आणि तिथलं एक प्रथिन लागतं. स्लीव्हमध्ये जठरच कापलं जातं, बायपासमध्ये अन्न त्याला भेटतच नाही. बी-१२ दोन्हींत घटतं, बायपासमध्ये जास्त. पण तुमचं ऑपरेशनच्या आधीच कमी असायला तीन कारणं आहेत: शाकाहार, सहा वर्षांचं मेटफॉर्मिन, आणि पुन्हा तीच ॲसिडिटीची गोळी. ही दोन्ही औषधं बी-१२ कमी करतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं जे काम केलंय त्यातून आपल्याकडे ही कमतरता किती सर्रास आहे ते दिसलंय. हातापायांना मुंग्या येत असतील आणि त्या 'शुगरच्या' म्हणून सोडून दिल्या असतील तर आधी बी-१२ तपासा.

लोहाचंही तसंच. लोह मुख्यतः आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळला जातो. वय ४१, म्हणजे पाळी चालू असणार. पाळीत अंगावरून जास्त जात असेल, हिमोग्लोबिन दहाच्या आत असेल, तर आधी ते दुरुस्त करायचं आणि गायनॅकना दाखवायचं, मग ऑपरेशनची तारीख.

या दोन गोष्टींमुळे बायपास बाद होत नाही. पण एक प्रश्न स्वतःला खरा विचारावा लागतो: रोज मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, ठरल्याप्रमाणे बी-१२, आणि दरवर्षी रक्ततपासणी, हे मी पंधरा वर्षांनीसुद्धा करत असेन का? पहिल्या वर्षी सगळे करतात. चौथ्या वर्षी निम्मे लोक माझा फोनही उचलत नाहीत. एक मावशी पाचव्या वर्षी आल्या त्या चालताना तोल जातो म्हणून. बायपास छान झालेली, वजन टिकलेलं, आणि बी-१२ तळाला. "बरं वाटत होतं म्हणून बंद केलं" म्हणाल्या. औषधांची शिस्त जमणार नाही हे ज्याला मनातून माहीत आहे त्याने ते सर्जनला सांगावं. लाजण्यासारखं त्यात काही नाही, आम्ही त्याप्रमाणे ऑपरेशन बदलतो.

ताटाबद्दल थोडं. दोन आठवडे नुसतं पातळ: ताक, वरणाचं पाणी, गाळलेलं सूप, प्रोटीन पावडर. मग मऊ, मग हळूहळू घरचं. वाटीभर जेवणात दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं बसवायची आहेत. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, वाटीभर घट्ट वरणात ६-७. शाकाहारी माणसाला जमतं, पण पानातला क्रम उलटा करावा लागतो: आधी पनीर, सोया, उसळ, दही, पोळीभात जागा उरली तर. पाणी जेवताना नाही, अर्धा तास मागेपुढे. चतुर्थी-एकादशीला साबुदाणा खिचडीवर दिवस काढायचा असेल तर पहिलं वर्ष उपवास सोडा, देव समजून घेईल. आणि बायपास असेल तर गोडाशी दोस्ती संपली. बासुंदी, उसाचा रस, श्रीखंड असं काही पटकन पोटात गेलं की अर्ध्या तासात धडधड, घाम, चक्कर, पोटात मुरडा. एका पेशंटला भावाच्या लग्नात वाटीभर बासुंदीनंतर हार्ट अटॅक आला असं वाटून थेट आयसीयूत नेलं होतं. काही जणांना हीच भीती पथ्याला उपयोगी पडते. स्लीव्हमध्ये हा त्रास कमी, त्यामुळे आइस्क्रीम आणि पेढे खाऊन वजन परत चढवलेलेही मला स्लीव्हमध्येच जास्त भेटतात.

आतेभावाच्या 'जन्माचं दुखणं'मागे काय असेल? बहुधा आतड्यातली अडकण. बायपासमध्ये आतडं फिरवल्यामुळे आत फटी तयार होतात, वजन उतरलं की त्या रुंदावतात, आणि वर्षांनंतरही आतडं त्यात सरकू शकतं. आम्ही टाके घालून त्या बंद करतो, धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही. पोटात अचानक पिळवटून दुखलं तर 'गॅस असेल' म्हणून ओवा खात बसायचं नाही, जिथे ऑपरेशन झालं तिथे त्याच दिवशी फोन करायचा. म्हणूनच फार आडगावी राहणाऱ्या, जवळ सीटी स्कॅन नसलेल्या पेशंटला बायपास सुचवताना मी दोनदा विचार करते. सांगली-मिरजेत तो प्रश्न नाही. स्लीव्हचा मोठा धोका सुरुवातीला, लांब टाक्यांच्या रेषेतून गळती. शंभरात एकाच्या आसपास किंवा कमी, पण झाली तर महिनाभर हॉस्पिटल. दगावण्याचा धोका अनुभवी हातात सर्वच प्रकारांत हजारात एक-दोन, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या तोडीचा. आणि कोणत्याही ऑपरेशननंतर सतत उलट्या होत असतील तर बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपतं, मेंदू आणि नसांवर परिणाम होतो. 'होईल कमी' म्हणून आठवडाभर घरी थांबू नका.

बाकीचे पर्याय पटकन. बँड, म्हणजे जठराभोवती आवळायची पट्टी: पूर्वी बरेच बसवले गेले, आता बहुतेक जण काढतोच आहोत. बलून, म्हणजे जठरात फुगवायचा फुगा: दुर्बिणीतून घालतात, साधारण सहा महिन्यांनी काढतात, आणि काढल्यावर वजन बहुतेकदा परत येतं, तुमच्या वजनाला आणि शुगरला तो पुरणार नाही. इंजेक्शनांचं तुम्ही शेवटी विचारलंय. टिर्झेपेटाइड आणि सेमाग्लुटाइड २०२५ पासून वजनासाठी भारतात अधिकृतपणे मिळतात, औषधं खरोखर चांगली आहेत, चाचण्यांत सरासरी १५ ते २० टक्के वजन उतरलं. थांबवली की बरंचसं परत चढतं, म्हणजे खर्च दर महिन्याचा आणि दीर्घकाळाचा. ऑपरेशनची मनापासून भीती वाटत असेल तर आधी ती घेऊन बघण्यात काही गैर नाही. मी ते कमीपणाचं मानत नाही.

दोन सर्जननी दोन वेगळी उत्तरं दिली म्हणून एक जण खोटा, असं धरू नका. ज्याचा हात ज्यात बसलाय ते तो सुचवतो, आणि त्यात पेशंटचंही हित असतं. वर्षाला शंभर स्लीव्ह करणाऱ्याकडून त्याची पाचवी बायपास करून घेण्यापेक्षा स्लीव्ह बरी. दोघांनाही सरळ विचारा: तिन्ही ऑपरेशनं तुम्ही करता का, प्रत्येकी किती केली? मला हेच का, दुसरं का नाही? गुंतागुंत झाली तर रात्री दोन वाजता फोन कोण उचलेल? आहारतज्ज्ञ ऑपरेशननंतरही भेटते की फक्त पॅकेज सांगताना? मिनी बायपासवाल्यांना लांबी किती सेंटीमीटर ठेवणार ते विचारा. या प्रश्नांनी जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नका.

विम्याचं एका वाक्यात. तुमचा बीएमआय ४२ आहे आणि विमा नियामकाच्या अटींत ४० किंवा जास्त बीएमआय बसतो, त्यामुळे दावा होऊ शकतो. पॉलिसीचा प्रतीक्षा काळ बघा आणि मंजुरी आधी लेखी घ्या. वैद्यकीय निकष याहून सैल आहेत. आपण भारतीय कमी वजनातही जास्त चरबी आणि मधुमेह बाळगून असतो, म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच ऑपरेशनचा विचार करावा असं म्हटलंय. पण विमा कंपनी ते ऐकत नाही.

तर आज, नुसत्या तुमच्या लिहिण्यावरून, माझा कल नेहमीच्या, दोन जोडण्यांच्या बायपासकडे आहे. दुर्बिणीत सगळं स्वच्छ निघालं, हर्निया नाही, आणि ॲसिडिटीची गोळी ही नुसती सवय ठरली, तर स्लीव्ह पूर्णपणे रास्त, विशेषतः पेनकिलर सुटणार नसेल किंवा रोजच्या औषधांची खात्री नसेल तर. अन्ननलिकेत इजा दिसली तर स्लीव्ह विसरा, मग कुणीही कितीही सोपी म्हणो.

दुर्बीण करायला जाल तेव्हा एक काळजी घ्या. गोळी चालू असताना अन्ननलिका वरवर बरी दिसू शकते आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. म्हणून तपासणीच्या आधी दोनेक आठवडे ती बंद ठेवता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. काळी शौच किंवा अल्सरचा इतिहास असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस जळजळ उसळू शकते, ती धरू नका. त्यानंतरच्या रात्री काय होतं ते रोज वहीत लिहा: आडवं पडल्यावर घशाशी येतं का, आंबट पाणी येतं का, कोरडा खोकला येतो का, उशी वाढवावी लागते का. दुर्बिणीचा रिपोर्ट, बी-१२, हिमोग्लोबिन आणि ती वही, चारही घेऊन दोन्ही सर्जनकडे परत जा. हवं असेल तर इथेही टाका, मी बघते.